राणी रंगाचं चीवर

प्रिय सुक्या,

नवागामहून तुझी आजी रंभाबाई हिचा जय भीम. पत्र शेजारची प्रमिलाबाई लिहितेय. तिचं अक्षर चांगलं आहे, पण ती मधेच हसते. एखादी ओळ वाकडी गेली तर ती तिची समज, माझी नाही. मी आपली भिंतीला टेकून बसलेय आणि तोंडाने लिहितेय. शाळा मी आयुष्यात एकदाच आतून पाहिली, ती सारवायला गेले होते तेव्हा.

तुझं पत्र पोचलं. प्रमिलाने आधी मला वाचून दाखवलं, मग तुझा बाप पाळीवरून आल्यावर त्याला. तू लिहितोस, मागच्या थंडीत श्रामणेर झालो ते तीन महिन्यांपुरतं होतं, आता जन्मभरासाठी चीवर घ्यायचं आहे, भिक्खू व्हायचं आहे. आणि भन्तेजी म्हणतात, आईबापाने हो म्हटल्याशिवाय दीक्षा देता येत नाही, तसा नियमच आहे. तुला आई नाही, वाढवलं मी, म्हणून होकार माझ्याकडे मागितलास. पोपटने पत्र ऐकलं आणि म्हणाला, "माय, तू सांगशी ते." आणि ताट पुढे ओढलं. असा तुझा बाप. लूमचा धागा तुटला तर धावत जाऊन जोडतो, घरात काही तुटायला आलं की माझ्याकडे बघतो.

तेव्हा हो की नाही ते मला सांगायचं आहे. सांगते. पण आधी मला बघू दे की भिक्खू व्हायला निघालेला हा मुलगा कोण. तीन महिने तू आणि तुझ्याबरोबर श्रामणेर झालेला तो निंबा याच भागात हिंडलात, नवागाम, चलथाण, कडोदरा. काय काय उद्योग केलेत ते मला पाठ आहे.

पहिला दिवस आठवतो का? गुळगुळीत डोकं करून, पिवळं चीवर नेसून दोघं आपल्या गल्लीत भिक्षेला आलात. मला बायांनी आधीच बजावलं होतं, "रंभामावशी, आता तो तुमचा नातू नाही, चीवराला वंदन करायचं, पंचांग." मी म्हटलं, करते. गुडघे टेकले, हात टेकले, डोकं खाली नेलं. आणि तू? तुला वर्षानुवर्षांची सवय, आजी दिसली की वाकायचं. तूही वाकलास. सगळ्या गल्लीने आवाज ऐकला. काशीबाई कडोदऱ्याहून खास बघायला आली होती, ती म्हणाली, "नारळ फोडायची चाल आपण सोडली ना गं?" माझ्या कपाळावर टेंगूळ आलं आणि तू रडवेल्या तोंडाने "आजी, लागलं का?" म्हणालास. निंबा तुला कोपराने ढोसत होता की श्रामणेराने असं विचारायचं नसतं, आशीर्वाद द्यायचा असतो. मग तू आशीर्वाद दिलास. टेंगूळ काही त्याने उतरलं नाही, मीठ-हळद लावावी लागली.

निंबा मागच्या आठवड्यात येऊन गेला. तुला कळवलं नसेल त्याने. आता पँट घालतो, मिशी राखली आहे, कडोदऱ्याला लूमच्या एका खात्यात कांड्या भरायला लागलाय. मी विचारलं, चीवर का रे सोडलंस? तर म्हणाला, "आजी, दुपारी बारानंतर जेवायचं नाही हे काही जमेना." खरं बोलला. मला त्याचा राग नाही. त्या बारा वाजण्याने तुम्हाला काय छळलं ते मी पाहिलंय. आमच्या बाया पहाटे उठून पहिल्या पाळीचे डबे भरायच्या, मग तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक. एके दिवशी माझ्याकडे भोजनदान होतं. मी वरणबट्टी केली होती, वांग्याचं भरीत केलं होतं, तुपाची वाटी उसनी आणली होती. आणि जेवणाआधी निंबा चार शब्द बोलायला उभा राहिला. त्याला कुठे चार शब्द येतात! पंचशीलावर सुरू झाला तो सिद्धार्थाच्या घोड्यापर्यंत गेला. बाया माना डोलावतायत, तू ताटाकडे बघतोयस, आणि तिकडे मिलचा भोंगा वाजला. बारा. ताटं वाढलेली, तूप बट्टीवर वितळतंय, आणि दोघं हात जोडून बसलात. नियम म्हणजे नियम. निंबा म्हणाला, भोंगा दोन मिनिटं पुढे असतो. तू म्हणालास, नसतो. एवढंच बोललास आणि पाणी प्यायलास. दुसऱ्या दिवशीपासून बायांनी ठराव केला, आधी जेवण, मग धम्म. तो ठराव अजून चालू आहे. परवा एक मोठे भन्ते आले होते, त्यांनाही प्रमिलाच्या सासूने आधी जेवायला बसवलं.

चलथाणची गोष्ट तू माझ्यापासून लपवलीस, ती आता निंबाने सांगितली. साखर कारखान्याच्या रस्त्यावर तुम्ही ऊसतोडीच्या लोकांच्या कोप्यांकडे निघाला होतात. बाजूने उसाची गाडी चालली होती आणि तुझ्या चीवराचा शेव उसाच्या वाढ्यांत अडकला. म्हणे बैल चालतायत आणि तू मागे मागे पळतोयस. सोडव म्हणावं तर तोंडाने बोलेनास, कारण भन्तेजींनी शिकवलं होतं की रस्त्याने जाताना मोठ्याने ओरडायचं नाही, नजर खाली ठेवायची. अरे, चीवर गेलं तर नजर खाली ठेवून काय बघणार होतास? पुढच्या गाडीवाल्याने वळून पाहिलं. त्याला वाटलं, महाराज गाडीला हात लावून आशीर्वाद देत चाललेत. त्याने आपली गाडी थांबवली, "मारी गाडीने पण, बापजी!" म्हणाला, माझ्याही गाडीला द्या म्हणून. मग एकामागे एक गाड्या थांबल्या. कारखान्याचा माणूस शिव्या देत आला, वजनकाटा खोळंबला म्हणून. निंबा म्हणतो, त्या दिवशी तू एकेका गाडीवानाला समजावत बसलास की मी आशीर्वाद देत नव्हतो, मी अडकलो होतो. कोणीच ऐकलं नाही. एकाने तर उसाचं कांडं हातात दिलं. तेही तुला खाता आलं नाही, बारा वाजून गेले होते.

इथे प्रमिला हसतेय. थांब जरा, तिला पाणी देते.

हं. आता कडोदरा. ते मी स्वतः पाहिलं, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही. तुम्ही काशीबाईकडे उतरला होतात, मीही तिच्या सुनेच्या बाळंतपणाला गेले होते. तू चीवर धुतलंस आणि मागच्या तारेवर वाळत घातलंस. कुणालाही न विचारता. ती तार होती डाईंगवाल्याची. तिथे ताके वाळत असतात हे शेंबडं पोरही सांगेल, पण तुझं लक्ष धम्मात. आता डाईंगच्या माणसाची तरी काय चूक? त्याने पाहिलं, लांबरुंद कापड, जागोजागी तुकडे जोडून शिवलेलं. रंगात घालायच्या आधी ताके असेच टोकाला टोक शिवतात. रंगही असा की धड पिवळा नाही, धड भगवा नाही. त्याला वाटलं, हा बिघडलेला लॉट आहे, पुन्हा गडद रंगात बुडवायचा राहिलाय. उचलला आणि घातला टाकीत. त्या दिवशी टाकीत राणी रंग होता.

तू अंघोळ करून आलास तर तार रिकामी. कमरेला होतं तेवढंच अंगावर, वर थंडी. काशीबाईने आपली गोधडी दिली. लाल-हिरव्या ठिगळांची, तिच्या जुन्या लुगड्यांची. आणि माणसं तर जमलेली होती, रविवार होता, प्रवचन ठरलेलं होतं. निंबा म्हणाला, तू आत बस, मी बोलतो. तू म्हणालास, मला सांगितलंय तर मीच बोलणार. गोधडी पांघरून बसलास आणि बोललास. काय बोललास ते मला आठवत नाही, कारण मी पदर तोंडात कोंबून बसले होते. काशीबाईचा नवरा मात्र अजून म्हणतो की गोधडीवाले भन्ते चांगलं बोलले होते.

संध्याकाळी तो रंगमास्तर स्वतः आला. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. ताटात चीवर, घडी घालून, इस्त्री केलेलं, वर नारळ आणि उदबत्ती. "अरे भगवान, अमने शुं खबर, आ तो महाराजनुं कपडुं!" म्हणून तुझ्या पायांवर लोळण घेतली. चीवर असं झालं होतं की नवरीनेसुद्धा नेसावं. तू त्याला उठवलंस, म्हणालास, "भाई, चूक माझी, मी तार विचारली नाही." त्याला ते पटेना, त्याला शाप नको होता. शेवटी तू त्याचा नारळ ठेवून घेतलास तेव्हा कुठे तो गेला. तुम्ही नारळ घ्यायचा नसतो ना? निंबा त्यावर तुझ्याशी दोन दिवस वाद घालत होता.

आणि पुढचे काही दिवस तू तसाच फिरलास, राणी रंगात. नवागामच्या नाक्यावर पोरं शिट्ट्या मारायची. भटूची मुलगी, जिला मी तुझ्यासाठी मनात धरून ठेवली होती, तिने पाण्याच्या लायनीतून तुला त्या अवतारात पाहिलं आणि हंडा खाली ठेवून हसली. तेव्हा ती सोयरीक तशीही जमली नसतीच, तेवढं समाधान. पुढे भन्तेजींनी पाहिलं, म्हणे खैराची साल उकळून दिली आणि चीवर त्यात घालायला लावलं. त्याचा जो रंग झाला त्याला नाव नाही. अजून तेच वापरतोस असं ऐकते. नवं घे.

आता उखाच्या मुलीच्या लग्नाचं सांगते, ते हसण्यावारी न्यायला मला जरा जड जातं. उखा आपल्याच लायनीतला, पहिलंच लग्न त्याच्या घरचं. मोठे भन्ते यायचे होते, गाडी चुकली, आले नाहीत. मांडवात दोनशे माणूस. मग काय, तुम्हा दोघांना उभं केलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मंगल गाथा सुरू झाल्या आणि मधेच तू थांबलास. निंबा तुझ्यावर विसंबून होता, तोही थांबला. मांडवात अशी शांतता की आतल्या खोलीतलं भजं तळलेलं ऐकू यावं. निंबा कानात पुटपुटला, काहीही म्हण, पाली कुणाला कळतंय? ते पहिल्या रांगेत बसलेल्या मला ऐकू आलं. आणि त्याचंही खरं होतं, कुणालाच कळलं नसतं. तू माईकसमोर म्हणालास, "मी पुढचं विसरलो. पुस्तक विहारात आहे, आणतो. सगळ्यांनी बसून घ्या." आणि चीवर सावरत पळत गेलास. माणसं हसली, नवरदेवाचा मामा म्हणाला, "हे कोणतं कच्चं पोर आणलं रे?" उखाची बायको रडायला लागली, अपशकुन झाला म्हणून. तू धापा टाकत आलास, पान काढलंस आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलंस. पहिल्यापासून! अर्ध्यावरून वाचलं असतंस तर भाताची गिचकी झाली नसती. उखाच्या मुलीला आता मुलगा झालाय, बाळंतीण सुखरूप आहे. अपशकुनाचं उखाच्या बायकोला मी सांगून आले.

आणि सविताबेन. ती पलीकडच्या चाळीची मालकीण, तुला आठवत असेलच. तिला तुम्ही दोघं साधुमहाराज वाटलात. रोज सकाळी लोटाभर दूध घेऊन यायची. मला हेवा वाटायचा, इतकी वर्षं शेजारी राहते, मला कधी विरजणाला चमचाभर ताक दिलं नाही. मग तिचा नातू तापाने फणफणला आणि ती त्याला उचलून तुझ्याकडे आली. "बापजी, दोरो बांधी आपो. हाथ जोई आपो." गंडा बांध, हात बघ. तू म्हणालास, मला यातलं काही येत नाही. तिला वाटलं, महाराज परीक्षा बघतायत. तिने तुझ्या पायाशी अंगठी काढून ठेवली. तू पुन्हा म्हणालास, "मावशी, मला खरंच काही येत नाही. मी हात बघितला तर ते खोटं होईल. पोराला दवाखान्यात न्यायचंय, चला." ती बसून राहिली. मग तू अंगठी तिच्या पदरात बांधलीस, पोराला खांद्यावर घेतलंस आणि निघालास. पुढे तू, मागे ती रडत, तिच्यामागे निंबा दुधाचा लोटा घेऊन, आणि सगळ्यात मागे मी. लोकांना वाटलं मिरवणूक निघालीय. डॉक्टरने सुई दिली, बाटली दिली. पोरगा आता पतंग उडवतो आणि आपल्या पत्र्यावर चढतो, पत्रा वाजवतो. सविताबेन मात्र दुसऱ्या दिवसापासून दूध आणेना. म्हणाली, "ए महाराज कच्चा छे, एने कंई आवडतुं नथी." कच्चा महाराज, काहीच येत नाही.

मी दवाखान्याच्या ओट्यावर बसले होते तेव्हा मला मीरा आठवली. तुझी आई. तिचं तुला सांगितलंय, पण सगळं नाही. तू चार वर्षांचा होतास, आपण अजून गावी होतो. तिला असाच ताप चढला. भगत आला. चांगला वयस्क, भारदस्त माणूस, सगळं गाव मानायचं त्याला. त्याने तांदूळ टाकले, डोळे मिटले आणि म्हणाला, मला समजलंय काय ते, काळजी करू नका, तीन दिवसांत उठेल. इतक्या खात्रीने बोलला की धुळ्याला न्यायची जुंपलेली गाडी पोपटने सोडून ठेवली. त्या माणसाला काहीच समजलं नव्हतं, सुक्या. फक्त तसं म्हणता येत नव्हतं त्याला. इतकी माणसं बघत होती. तेव्हा एखादा कच्चा पोरगा तिथे उभा असता आणि म्हणाला असता की मला येत नाही, दवाखान्यात न्या, तर आज हे पत्र तुझ्या आईने सांगितलं असतं आणि मी मधे मधे चुका काढत बसले असते.

प्रमिला आता हसत नाहीये. लिही गं, थांबू नकोस.

तर मी तुला ओळखते. तुझ्याने गाथा पाठ होत नाहीत, तुला चीवर सांभाळता येत नाही, तार कुणाची ते विचारत नाहीस. पण चूक झाली की भर मांडवात सांगतोस. असा माणूस मी तरी आजवर चीवरात पाहिला नव्हता, बिनचीवराचेही फार नाही पाहिले. पोपटचं वाईट वाटतं. तो बोलणार नाही, पण त्याच्या मागे लूमवर कुणी उभं राहणार नाही, घरात सून येणार नाही, मी गेल्यावर तो आणि चूल. ते त्याला मी विचारलं. तो म्हणाला, "माय, मी बट्टी करस ना." बट्टी येते म्हणे त्याला. परवा केली होती, पाण्यात टाकली तर बुडाली नाही, म्हणजे जमली म्हणायची.

होकार आहे माझा. भन्तेजींना दाखव, खाली अंगठा उठवलाय, प्रमिलाने बाजूला माझं नाव लिहिलंय, पोपटनेही सही केली आहे. इतकं सांगायला चार ओळी पुरल्या असत्या. प्रमिलाही तेच म्हणाली, मावशी, हो म्हणायचंय तर हो लिहू या ना, हे सगळं कशाला? तिला सांगितलं ते तुलाही सांगते. तू दीक्षा घेतलीस की तुझं हे नाव राहणार नाही. तू दारात आलास की मी पदर सावरून उठेन, जमिनीला डोकं टेकेन, हात जोडून म्हणेन, भन्ते, भोजन घ्यावं. आणि ते मी मनापासून करेन, लोकांसाठी नाही. पण भन्तेंची थट्टा कुणी करत नाही. मी तरी कशी करणार? तुला वाढवताना एक दिवस तुझी थट्टा केल्याशिवाय गेला नाही, तुझी आई गेली त्या आठवड्यातसुद्धा नाही, कारण तू हसायचास आणि दुसरं काही मला येत नव्हतं. आता ती बंद होणार. म्हणून प्रमिलाला दुपारपासून बसवून ठेवलीय आणि होती नव्हती तेवढी थट्टा आज करून घेतली. काही राहिली असेल तर ती राहू दे.

दीक्षेच्या दिवशी बारा वाजायच्या आत जेवून घे.

तुझीच, दीक्षेच्या दिवसापर्यंत तरी नुसती तुझीच,
आजी